बाळाला ताप आला नाही, मग लस लागली का?

दिंडोरी तालुक्यातल्या एका आईने विचारलं आहे: बाळ १३ आठवड्यांचं आहे. दीड महिन्याचं असताना उपकेंद्रात पेंटाचा (पाच आजारांवरच्या एकत्र लसीचा) पहिला डोस झाला. ताप आला नाही, बाळ फारसं रडलंही नाही. सासूबाई म्हणतात, ताप नाही म्हणजे लस लागलीच नाही. पुढे द्राक्षांची तोड सुरू झाली आणि दहाव्या आठवड्याचा डोस राहून गेला. आता पहिल्यापासून सुरुवात करायची का? आणि उशीर भरून काढायला पुढचे दोन डोस पंधरा-पंधरा दिवसांनी घेतले तर?

ताई, आधी सरळ उत्तरं देते. ताप आला नाही तरी लस लागते. पहिल्यापासून सुरुवात करायची नाही, राहिलेल्या डोसपासून पुढे जायचं. आणि पंधरा दिवसांचं अंतर चालणार नाही, दोन डोसांमध्ये किमान ४ आठवडे हवेतच.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मी २३ वर्षं नाशिकमध्ये लहान मुलं तपासते आहे, आणि माझा अनुभव असा की नुसतं 'चार आठवडे' सांगितलं की लोक ते सरकारी नियम म्हणून ऐकतात आणि कामाच्या धबडग्यात विसरतात. हे चार आठवडे कुणी कार्यालयात बसून ठरवलेले नाहीत. तुमच्या बाळाच्या शरीरात तीन-चार जातींच्या पेशी एकमेकींना भेटतात, एकमेकींची परवानगी घेतात, आणि त्या भेटीगाठींना जेवढा वेळ लागतो त्याच्यावरून ते आले आहेत. म्हणून जरा सविस्तर सांगते.

पायात बाभळीचा काटा मोडला की दोन दिवसांनी जांघेत अवधाण येतं, हे तुम्हाला माहीत आहे. काटा तळपायात आणि गाठ जांघेत, असं का? कारण पायाकडून येणारा लसिकेचा, म्हणजे पेशींभोवतीच्या पातळ द्रवाचा, सगळा निचरा जांघेतल्या गाठींमधून जातो. या गाठींना आम्ही लिंफ नोड किंवा लसिका ग्रंथी म्हणतो. बाळाच्या डाव्या मांडीत पेंटा टोचली की त्याच बाजूच्या जांघेतल्या गाठी कामाला लागतात. बहुतेक वेळा बाहेरून हाताला काही लागत नाही एवढंच. अँटीबॉडी, म्हणजे जंतूंना आणि त्यांच्या विषांना पकडणारी प्रथिनं, मांडीत तयार होत नाहीत. बाळाच्या पहिल्या अँटीबॉडी या गाठींमध्ये तयार होतात, आणि तिथून रक्तात येऊन अंगभर पसरतात. सुई मांडीत टोचून घशाच्या आजारापासून रक्षण कसं होतं, या प्रश्नाचं उत्तर हेच.

मग मांडीतली खबर जांघेत नेतं कोण? काही द्रव आपोआप वाहत जातो. पण खरं काम करतात त्या डेंड्रिटिक पेशी. झाडाच्या फांद्यांसारखे हात पसरून त्या कातडीत आणि स्नायूंत बसलेल्या असतात. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये त्या ओळखल्या. पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या कामाकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. २०११ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं, तेव्हा त्यांचा मृत्यू होऊन तीनच दिवस झाले होते. डेंड्रिटिक पेशी लसीतले कण गिळते, त्यांचे बारीक तुकडे करते, ते तुकडे आपल्या अंगावर बाहेरून दिसतील असे मांडते आणि साधारण दिवसभरात जांघेतल्या गाठीत पोचते.

पण ती अशी सहजासहजी निघत नाही. तिला धोक्याची खूण लागते. शरीरात रोज किती तरी निरुपद्रवी गोष्टी शिरतात, प्रत्येकीसाठी पळापळ झाली तर जगणं अशक्य होईल. पेंटात पाच गोष्टी असतात: घटसर्प आणि धनुर्वात यांची निष्प्रभ केलेली विषं, डांग्या खोकल्याचे मारलेले जंतू, कावीळ ब च्या विषाणूचं बाहेरचं प्रथिन, आणि हिब नावाच्या जंतूच्या साखरेच्या कवचाचा अंश. (हा घटसर्प माणसाचा, घशात पडदा धरणारा. गाई-म्हशींना पावसाळ्यात होतो तो वेगळ्या जंतूचा आजार. नाव एकच असल्यामुळे शेतकरी घरांत गोंधळ होतो.) या पाचांपैकी डांग्या खोकल्याचे मेलेले जंतू स्वतःच धोक्याची घंटा वाजवतात, कारण जंतूच्या कवचाची डेंड्रिटिक पेशींना उपजत ओळख असते. बाकीच्यांसाठी लसीत ॲल्युमिनियमचा क्षार घातलेला असतो. घटसर्पाच्या लसीत तुरटी मिसळली की अँटीबॉडी कितीतरी जास्त येतात, हे अलेक्झांडर ग्लेनी यांनी १९२६ मध्ये दाखवलं. आज शंभर वर्षं होत आली, तरी त्याच जातीचा क्षार आपण वापरतो. लसीची कुपी थंड ठेवायची पण गोठवायची नाही, याचंही कारण तोच. गोठली की क्षाराच्या गुठळ्या होतात आणि कुपी निकामी होते. म्हणून २ ते ८ अंश. घरच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवलेली पेंटा मी कुणाच्याही बाळाला देणार नाही.

आता सासूबाईंच्या तापाकडे येते. धोक्याची घंटा वाजली की त्या जागेच्या पेशी काही रसायनं सोडतात. ती थोडी असली तर मांडी लाल होते, दुखते. जास्त प्रमाणात रक्तात गेली तर मेंदूतलं तापमानाचं केंद्र वर सरकतं आणि ताप येतो. म्हणजे ताप ही घंटेच्या आवाजाची खूण आहे, आणि तोही आवाज अंगभर पोचला तरच. घंटा हळू वाजली तरी डेंड्रिटिक पेशी निघतात आणि गाठीत पोचतात. अँटीबॉडीचं काम त्यानंतर सुरू होतं आणि कित्येक आठवडे चालतं, तर ताप एक-दोन दिवसांत येऊन जातो. सासूबाईंनी त्यांच्या मुलांच्या वेळी ताप पाहिला असणार, आणि ताप आलेली मुलं निरोगी राहिलेली पाहिली असणार. त्यांचं निरीक्षण खोटं नाही. फक्त ताप न आलेली मुलंही तशीच निरोगी राहिली, ती कुणी मोजली नाहीत.

गाठीत पोचल्यावर डेंड्रिटिक पेशी शोधते ती टी पेशीला. बाळाच्या छातीच्या एक्स-रेत हृदयाच्या वर एक रुंद सावली दिसते, पुष्कळ आईवडील ती पाहून घाबरतात. ती थायमस ग्रंथी. टी पेशी तिथे तयार होतात, म्हणून टी. प्रत्येक टी पेशी एकाच प्रकारच्या तुकड्याला ओळखते. धनुर्वाताच्या एखाद्या तुकड्याला नेमकी बसणारी टी पेशी लाखात एक, कधी दहा लाखांत एक असते. ती सापडावी म्हणूनच गाठी असतात: टी पेशी एका गाठीतून दुसऱ्या गाठीत सतत फिरत असतात आणि डेंड्रिटिक पेशी त्यांच्या वाटेवर आपले तुकडे मांडून थांबतात. कुंभमेळ्यात चुकलेलं माणूस शोधायला आपण रामकुंडावर गर्दीत फिरत नाही, ठरलेल्या जागी उभे राहतो, तसं. जुळणी झाली की ती टी पेशी वाढू लागते, एकीच्या हजारो होतात. याला तीन-चार दिवस जातात.

अँटीबॉडी मात्र टी पेशी बनवत नाही. त्या बी पेशी बनवतात. हे कळलं ते कोंबड्यांमुळे, आणि तुमच्या भागात कोंबड्यांची शेड असल्यामुळे तुम्हाला ते चटकन पटेल. कोंबडीच्या विष्ठाद्वाराजवळ बर्सा नावाची एक लहान पिशवी असते. १९५६ मध्ये अमेरिकेत ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पिलाची ती पिशवी लहानपणी काढली तर पुढे त्या कोंबडीला अँटीबॉडी नीट बनवता येत नाहीत. बर्सावरून बी पेशी. पोल्ट्रीवाल्यांना गंबोरो रोग माहीत असतो. तो याच पिशवीवर हल्ला करतो, आणि म्हणून गंबोरो येऊन गेलेल्या पिलांना मानमोडीची लस दिली तरी ती नीट लागत नाही. माणसाला बर्सा नाही, आपल्या बी पेशी हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतात.

पुढची दहा वर्षं एक कोडं राहिलं होतं. थायमस काढलेल्या उंदरांतही अँटीबॉडी कमी पडायच्या. मग अँटीबॉडी नक्की कोण बनवतं? १९६६ मध्ये हेन्री क्लॅमन आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सर्गाने स्वतःच्या पेशी मारलेल्या उंदरांना आधी फक्त थायमसच्या पेशी दिल्या, अँटीबॉडी जवळजवळ नाहीत. फक्त मज्जेच्या पेशी दिल्या, तेव्हाही अगदी थोड्या. दोन्ही एकत्र दिल्या, तर दोघींच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त. दोनच वर्षांनी जाक मिलर आणि ग्रॅहम मिचेल यांनी दाखवलं की अँटीबॉडी बनवणारी पेशी मज्जेतलीच असते, थायमसकडून आलेली तिला मदत करते. माझ्या सगळ्या शिक्षणात मला या प्रयोगाइतकी दुसरी कुठलीच गोष्ट आवडलेली नाही. इतका साधा, आणि त्याने सारं शास्त्र फिरवलं.

ही मदत कशी होते ते नीट समजून घ्या, कारण लसीचं मर्म इथेच आहे. बी पेशीच्या अंगावर तिची स्वतःची अँटीबॉडी चिकटलेली असते, तिचा जणू आकडा. त्या आकड्यात लसीतला एखादा अख्खा कण अडकला की ती तो आत ओढते, चिरते, आणि त्याचे तुकडे बाहेर मांडते, डेंड्रिटिक पेशीसारखेच. मग गाठीच्या आतल्या सीमेवर ती तयार झालेल्या टी पेशीसमोर येते. टी पेशी तुकडा पाहते. डेंड्रिटिक पेशीने दाखवलेला तोच तुकडा इथे दिसला, तरच ती बी पेशीला हात देते आणि वाढायचा निरोप सोडते. नाही दिसला तर बी पेशी तशीच विझून जाते. म्हणजे दोन वेगळ्या पेशींनी, दोन वेगळ्या वाटांनी, एकाच पाहुण्याला ओळखावं लागतं. तेव्हा कुठे कारखाना सुरू होतो. हा हात नसेल तर काय होतं ते एका दुर्मीळ आजारात दिसतं. त्यात बहुतेक वेळा मुलगेच असतात. त्यांच्याकडे टी पेशी असतात, बी पेशीही असतात, पण टी पेशीच्या अंगावरचं सीडी४० लायगँड नावाचं प्रथिन बिघडलेलं असतं. अशा मुलांत पहिल्या, कच्च्या जातीच्या अँटीबॉडी भरपूर आणि पक्क्या जातीच्या जवळजवळ नाहीत. ती मुलं सतत आजारी पडतात.

हिबची गोष्ट मला राहवत नाही, सांगतेच. हिब जंतूमुळे लहान बाळांना मेंदूज्वर आणि न्यूमोनिया होतो, आणि त्याच्या अंगावर साखरेचं कवच असतं. मोठ्या माणसाला नुसतं कवच टोचलं तरी काही बी पेशी स्वतःच्या बळावर अँटीबॉडी बनवतात. दोन वर्षांच्या आतलं बाळ ते करत नाही. कारण टी पेशी प्रथिनांचे तुकडे ओळखतात, साखर त्यांना दिसतच नाही. म्हणजे ज्या वयात हिबचा धोका सगळ्यात जास्त, त्याच वयात लस निरुपयोगी. यावर उपाय असा निघाला की साखर एका प्रथिनाला पक्की जोडायची. पुष्कळ लसींमध्ये ते प्रथिन म्हणजे धनुर्वाताचं निष्प्रभ विष. आता बी पेशीचा आकडा साखरेत अडकतो, पण साखरेबरोबर प्रथिनही आत खेचलं जातं. ती मांडते प्रथिनाचा तुकडा. टी पेशीला प्रथिन ओळखीचं, ती हात देते. आणि मदत मिळालेली बी पेशी अँटीबॉडी बनवते ती साखरेविरुद्ध. टी पेशीने कधी न पाहिलेल्या शत्रूसाठी तिने मदत केलेली असते. मी शिकत असताना हिबच्या मेंदूज्वराची बाळं वॉर्डात पाहिली आहेत, त्यातली काही वाचली पण ऐकू येईनासं झालं. लसीकरण झालेल्या बाळांत आता ते क्वचित दिसतं. तुमच्या बाळाच्या मांडीतल्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये हा सगळा विचार आहे.

मदत मिळाल्यावर काही बी पेशी घाईने अँटीबॉडी बनवू लागतात. या पहिल्या अँटीबॉडी थोड्या, ढिल्या पकडीच्या आणि लवकर संपणाऱ्या. बाकीच्या बी पेशी काही टी पेशींना सोबत घेऊन गाठीच्या आत शिरतात आणि तिथे जर्मिनल सेंटर नावाची जागा तयार होते. साधारण आठवड्याभराने. इथे बी पेशी दिवसातून दोन-तीनदा दुभंगतात, आणि प्रत्येक वेळी आपल्या अँटीबॉडीच्या आराखड्यात मुद्दाम लहान लहान चुका करतात. बहुतेक चुकांनी पकड बिघडते. एखादीने सुधारते. मग परीक्षा: तिथे लसीचे कण धरून बसलेल्या दुसऱ्या पेशी असतात, त्यांच्याकडून कण ओढून घ्यायचा. ज्या बी पेशीची पकड घट्ट, तिला जास्त कण मिळतात, ती जास्त तुकडे मांडते आणि टी पेशीचा हात तिलाच मिळतो. बाकीच्या मरतात. पुन्हा दुभंगणं, पुन्हा चुका, पुन्हा परीक्षा, असं आठवडेच्या आठवडे चालतं. यातून जगलेल्यांपैकी काही प्लाझ्मा पेशी होऊन हाडांच्या मज्जेत जाऊन बसतात आणि सेकंदाला हजारो अँटीबॉडी सोडत राहतात. काही स्मृती पेशी होऊन, म्हणजे त्या पाहुण्याची ओळख जपून, गप्प थांबतात.

आता तुमच्या पंधरा दिवसांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच बागेत आहे. एप्रिलमध्ये तुम्ही खरड छाटणी करता. त्या छाटणीला द्राक्ष लागत नाही, पण तिच्यानंतरच्या काही आठवड्यांत काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते, मग काडी पक्व होते, आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला तोच घड बाहेर पडतो. घड ठरायच्या आत, हिरव्या काडीवर गोडी छाटणी केली तर काय मिळेल ते तुम्ही मला सांगाल. पहिला डोस ही खरड छाटणी. पंधराव्या दिवशी बाळाच्या गाठीत निवड अर्ध्यावर असते. तेव्हा दुसरा डोस दिला तर तो पिकलेल्या स्मृती पेशींना भेटत नाही, आणि नुकत्या तयार झालेल्या अँटीबॉडी त्यातले काही कण धरून बाजूला काढतात. म्हणून ४ आठवडे ही खालची मर्यादा.

उशीर झाला तर मात्र स्मृती पेशी वाट पाहत थांबतात. ७ आठवड्यांनी दिलेला दुसरा डोसही त्यांना जागं करतो, आणि यावेळी अँटीबॉडी आठवड्याच्या आत चढतात. म्हणून पहिल्यापासून सुरुवात नको, पहिला डोस वाया गेलेला नाही.

पण याचा अर्थ उशीर चालतो असा घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते. स्मृती पेशी असणं आणि रक्तात पुरेशा अँटीबॉडी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान बाळाच्या मज्जेत प्लाझ्मा पेशींना टिकून राहायला जागा अजून नीट तयार झालेली नसते, त्यामुळे एका डोसच्या अँटीबॉडी लवकर ओसरतात. धनुर्वातापुरतं तुमचं बाळ सध्या तुमच्या जिवावर आहे: गरोदरपणात तुम्हाला टीडीचं (धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसीचं) इंजेक्शन दिलं, त्याच्या अँटीबॉडी वारेतून बाळाकडे गेल्या. बाळंतपणातला धनुर्वात आपल्या देशातून संपल्यात जमा झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं, त्यात या इंजेक्शनाचा आणि स्वच्छ बाळंतपणांचा मोठा वाटा आहे. पण टीडीमध्ये डांग्या खोकल्याची लस नसते. आणि डांग्या खोकला सगळ्यात घातक असतो तो याच वयात, पहिल्या काही महिन्यांत. बाळ खोकतही नाही कधी कधी, श्वासच थांबतो. तोडीसाठी बाहेरून माणसं आली असतील, कुणाला लांबलेला खोकला असेल, तर बाळाला त्यांच्यापासून दूर ठेवा आणि डोस याच आठवड्यात घ्या.

कार्ड घेऊन जा. दहाव्या आठवड्याचं जे जे राहिलं असेल ते त्याच दिवशी देतील, एका दिवशी दोन-तीन लसी दिल्या तर पेशींची गर्दी होत नाही. तिसरा डोस त्यानंतर ४ आठवडे पूर्ण झाल्यावर. १६ ते २४ महिन्यांमधला बूस्टर सोडू नका, मधल्या वर्षभरात स्मृती पेशी चांगल्या पिकलेल्या असतात आणि टिकाऊ अँटीबॉडी खऱ्या अर्थाने तेव्हा येतात.

टोचायच्या आधीच पॅरासिटामॉल पाजू नका. चेक प्रजासत्ताकातल्या २००९ च्या एका अभ्यासात, सुरुवातीपासून ठरवून पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांत काही लसींच्या अँटीबॉडी कमी आल्या होत्या. ताप आलाच, बाळ बेचैन झालं, तर सिस्टरने वजनानुसार सांगितलेलं प्रमाण जरूर द्या. मांडी चोळू नका, लेप लावू नका. टोचल्या जागी वाटाण्याएवढी गाठ काही आठवडे राहिली तरी चालेल. बाळ तीन तासांहून अधिक सलग रडलं, झटका आला, किंवा एकदम मलूल पडलं, तर वाट न पाहता दवाखान्यात आणा.

आणि यावेळी ताप आला तर सासूबाईंना बरं वाटेल. नाही आला तर त्यांना जांघेतल्या गाठीची गोष्ट सांगा. अवधाण त्यांनीही पाहिलेलं आहे.